ज्या भरावाचा हिशोब नरिमन यांनी उघडा पाडला, त्याच भरावाला पुढं त्यांचं नाव मिळालं

सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चगेट स्टेशनला उतरलात, तर नरिमन पॉइंटचा रस्ता विचारायची गरज पडत नाही. गर्दी ज्या दिशेला चालली आहे, तिकडं चालत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत समोर समुद्र आणि आजूबाजूला ऑफिसांच्या उंच इमारती.

यातल्या बहुतेकांना नरिमन हे कुणातरी पारशी शेठचं किंवा बिल्डरचं नाव वाटतं. ते पारशी होते हे खरं, पण शेठ नव्हते आणि बिल्डर तर अजिबातच नव्हते. ज्या योजनेतून ही जमीन समुद्रातून वर आली, त्या योजनेचा हिशोब चुकलाय असं भर सभेत सांगणारे ते वकील होते. त्यासाठी त्यांच्यावर खटलाही झाला होता.

मुंबईला पुढच्या काळात किती जमीन लागेल, किती लोक कामाला येतील आणि ते राहतील कुठं, हे प्रश्न आज विकास आराखड्याच्या वेळी निघतात. शंभर वर्षांपूर्वी सरकारनं याच प्रश्नांची उत्तरं अगदी छातीठोकपणे दिली होती आणि ती चुकली होती. के. एफ. नरिमन यांची गोष्ट या चुकीभोवती फिरते.

कोण होते नरिमन?

पूर्ण नाव खुर्शेद फ्रामजी नरिमन. जन्म १८८३ चा, ठाण्याचा. शिकून वकील झाले आणि मुंबईत वकिली करू लागले. पुढं चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षात गेले आणि मुंबईच्या कायदेमंडळात पोचले. मुंबई महापालिकेतही त्यांचा आवाज होता.

त्या काळी कायदेमंडळातल्या भारतीय सदस्यांच्या हातात सत्ता फारशी नव्हती. पण प्रश्न विचारता यायचे, बजेटवर बोलता यायचं. नरिमन यांनी हेच हत्यार धरलं आणि त्यांच्या समोर होतं बॅकबे रेक्लमेशन.

बॅकबेचा जुना इतिहास

गिरगाव चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्राचा जो अर्धगोल आहे, तो म्हणजे बॅकबे. तिथं भराव घालून जमीन करायची कल्पना नरिमन यांच्या जन्माच्याही आधीची.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. मग मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात इतका पैसा आला की तो घालायचा कुठं हा प्रश्न पडला. प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी समुद्र बुजवायची कंपनी काढली. पाच हजार भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि कंपनीही बुडाली. मागं जमिनीची एक चिंचोळी पट्टी उरली. तिच्यावरून आज पश्चिम रेल्वे चर्चगेटला जाते.

धंदा तेजीत असताना लोकांना जमीन कायम कमीच वाटते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. पन्नास वर्षांत तो सगळे विसरले.

१९२० चा छातीठोक अंदाज

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबई पुन्हा तेजीत होती. परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरण्या नफ्यात होत्या. कोकणातून, घाटावरून माणसं येतच होती. एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहत होती. घरभाडी इतकी वाढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला.

त्याच वर्षाच्या शेवटी जॉर्ज लॉईड मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. जागेची टंचाई त्यांना समोर दिसत होती आणि ती खरीही होती. त्यांनी ठरवलं की आता छोटी-मोठी मलमपट्टी नको. १९२० मध्ये एक स्वतंत्र खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. आपण ज्याला बीडीडी म्हणतो ते हेच.

या खात्याकडं दोन मोठी कामं होती.

पहिलं, बॅकबेमध्ये भराव घालून ११४५ एकर नवी जमीन करायची. तिचे आठ ब्लॉक पाडायचे. जमीन विकून खर्च वसूल करायचा, वर नफाही मिळवायचा.

दुसरं, गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. एका खोलीत पाच माणसं धरली तर ही सोय अडीच लाख लोकांची होते. तेव्हा अख्ख्या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या आत होती. या खोल्यांच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागं एक रुपया कर बसवला गेला.

दोन्ही कामांच्या मुळाशी एकच समजूत होती. धंदा असाच वाढत राहणार, माणसं अशीच येत राहणार आणि आपण जितकी जमीन तयार करू तितकी खपणार.

शिरगणतीनं काय सांगितलं?

आता शिरगणतीचे आकडे बघा. १९२१ मध्ये मुंबईची लोकसंख्या होती ११ लाख ७६ हजार. १९३१ मध्ये ती झाली ११ लाख ६१ हजार.

म्हणजे वाढ सोडाच, लोकसंख्या किंचित कमी झाली.

युद्धानंतरची तेजी दोन-तीन वर्षांत ओसरली होती. जपानी कापड बाजारात स्वस्त मिळू लागलं. गिरणी मालकांनी मजुरी आणि बोनस कापायला सुरुवात केली. १९२४ ला संप झाला, १९२५ ला झाला आणि १९२८ चा संप तर जवळपास सहा महिने चालला. काम नसेल तर कोकणातला माणूस मुंबईत थांबून काय करणार? तो गावी परत जायचा.

तिकडं समुद्रातही बिनसलं होतं. योजना अशी होती की बॅकबेला दगडी बांध घालायचा, बंदराच्या बाजूनं ड्रेजर लावून तळातला गाळ उपसायचा आणि पाइपमधून तो कुलाब्याच्या पलीकडं बांधाच्या आत सोडायचा. ड्रेजरला नावही गव्हर्नरसाहेबांचंच दिलं होतं, सर जॉर्ज लॉईड. पण कागदावर धरला होता तितका गाळ ड्रेजर काही उपसेना. जो आत पडत होता, त्यातला काही बांधाच्या फटींमधून परत समुद्रात जात होता. वर्षं चालली होती, खर्च चढत होता आणि जमीन दिसत नव्हती.

लोकांनी या योजनेला नाव ठेवलं, लॉईडचा मूर्खपणा. लॉईड स्वतः १९२३ च्या शेवटी मुंबई सोडून गेले. बिल मात्र मुंबई इलाख्याच्या तिजोरीवर राहिलं, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्यापासून गिरणी कामगारापर्यंत सगळ्यांवर.

नरिमन मैदानात

नरिमन यांचं वेगळेपण इथं दिसतं. योजना फसते आहे हे रस्त्यावरच्या माणसालाही कळत होतं. नरिमन यांनी हिशोब मागितला. गाळ किती निघणार होता, किती निघाला? खर्चाचा अंदाज कुणी केला, कशाच्या आधारावर केला? जमीन कुणाला आणि कोणत्या भावानं विकली जाणार? कंत्राटं कशी दिली गेली? हे प्रश्न ते कायदेमंडळात विचारत राहिले आणि वर्तमानपत्रांतून लोकांसमोर मांडत राहिले.

गदारोळ वाढला तेव्हा १९२६ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अध्यक्ष होते सर ग्रिमवूड मियर्स. सदस्यांमध्ये एक नाव आपल्या ओळखीचं, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. समितीसमोर योजनेची चिरफाड झाली. अंदाज कच्चे होते आणि ज्या यंत्रांवर सगळा डोलारा उभा होता त्यांची पुरेशी खातरजमा झाली नव्हती, हे सरकारी कागदावर आलं.

याच काळात योजनेशी संबंधित हार्वे नावाच्या अधिकाऱ्यानं नरिमन यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला भरला. आता विचार करा. एका बाजूला सरकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूला एकटा वकील. हरले असते तर शिक्षा झाली असती, वकिली अडचणीत आली असती आणि बॅकबेबद्दल पुन्हा कुणी तोंड उघडलं नसतं.

खटला लांबला. मुंबईत रोज त्याची चर्चा असायची. शेवटी नरिमन निर्दोष सुटले. या लढ्यामुळं त्यांचं नाव घराघरात पोचलं आणि पुढं त्यांच्या नावामागं वीर ही पदवी कायमची चिकटली.

सरकारनं मधले चार ब्लॉक, म्हणजे ३ ते ६, सोडून दिले. १, २, ७ आणि ८ हे चार पूर्ण झाले. ११४५ एकरांच्या स्वप्नातली साधारण ४४० एकर जमीन हाती लागली. त्यातला मोठा तुकडा लष्कराकडं गेला. उरलेल्या जमिनीवर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या इमारती उभ्या राहिल्या.

आणि त्या ५० हजार खोल्या?

बॅकबेची गोष्ट निदान नरिमन यांच्या नावानं लक्षात राहिली. खोल्यांची गोष्ट मागं पडली, म्हणून ती सांगायला हवी.

वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी बीडीडीनं २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे ठरवलेल्या एक तृतीयांश.

गंमत म्हणजे त्याही भरेनात. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटायची. जवळ बाजार नाही, जायला-यायला धड साधन नाही. गिरणीचा भोंगा पहाटे व्हायचा. इतक्या लांबून पायी जाण्यापेक्षा कामगाराला लालबागच्या जुन्या चाळीतली दाटीवाटी परवडायची. वर मंदी आणि संप, मग भाडं कुठून देणार? १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या वेळी मुंबईतले तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारनं वरळीच्या या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला.

अंदाज बांधतात कसा, चुकतो कुठं?

इथं जरा थांबून गणित समजून घेऊ, कारण आजही पद्धत साधारण तीच आहे.

आधी पुढच्या वीस वर्षांत शहराची लोकसंख्या किती होईल हे धरायचं. त्यातले किती जण कामाला असतील ते काढायचं. मग ते कारखान्यात, दुकानात की ऑफिसात, याची विभागणी करायची. प्रत्येक प्रकारच्या कामाला माणशी किती जागा लागते ते धरायचं आणि शेवटी एका भूखंडावर किती बांधकाम करता येतं, म्हणजे एफएसआय किती, त्यानं भागायचं.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. शहरात ऑफिसातल्या १ लाख नोकऱ्या नव्यानं येणार असं धरलं. माणशी १० चौरस मीटर जागा. म्हणजे १० लाख चौरस मीटर बांधकाम. एफएसआय २ असेल तर जमीन लागेल ५ लाख चौरस मीटर, म्हणजे ५० हेक्टर, साधारण १२४ एकर. रस्ते आणि मोकळ्या जागा वेगळ्या.

आता नोकऱ्या १ लाखाऐवजी ७० हजारच आल्या आणि माणशी जागा १० ऐवजी ७ मीटर पुरली, तर हाच आकडा होतो साडेचोवीस हेक्टर. म्हणजे निम्म्याहून कमी. दोन गृहीतकं थोडी हलली आणि निम्मी जमीन फालतू ठरली.

म्हणून शहाणे नियोजनकार एकच आकडा देत नाहीत. कमीत कमी आणि जास्तीत जास्त सांगतात, जमीन टप्प्याटप्प्यानं काढायला सांगतात आणि दर काही वर्षांनी हिशोब पुन्हा तपासतात. लॉईड यांच्या खात्यानं टंचाईच्या वर्षातला आकडा धरला आणि कर्ज काढून सगळं एकदम सुरू केलं.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९३१ नंतर मुंबई पुन्हा वाढायला लागली. १९४१ ला १४ लाख ९० हजार आणि १९५१ ला बेट शहरातच २३ लाखांच्या वर. दुसरं महायुद्ध आणि फाळणीचे निर्वासित हे कुणाच्या कोष्टकात नव्हते. १९२० मध्ये मोठा वाटणारा आकडा १९५१ मध्ये अपुरा होता. रिकाम्या पडलेल्या बीडीडी चाळींत मग पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या आणि आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे.

मग नरिमन चुकले का? तर नाही. शहर वाढणारच नाही असा त्यांचा दावाच नव्हता. लोकांच्या पैशातून अंदाज बांधत असाल तर तो लोकांना दाखवा, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो १९३१ लाही बरोबर होता आणि १९५१ लाही.

वर चढले आणि खाली आले

खटल्यानंतर नरिमन मुंबई काँग्रेसचे मोठे पुढारी झाले. सायमन कमिशनच्या वेळी तरुणांच्या चळवळीत ते पुढं होते. कायदेभंगात तुरुंगात गेले. मुंबई प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. १९३४ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले.

१९३७ मध्ये प्रांतांच्या निवडणुका झाल्या. मुंबई इलाख्यात काँग्रेस सत्तेवर येणार हे दिसत होतं आणि मुख्यमंत्री नरिमनच, असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं होतं. निवड झाली बाळ गंगाधर खेर यांची.

नरिमन यांना हे सहन झालं नाही. सरदार पटेल यांनी आपल्याविरुद्ध वजन वापरलं असा आरोप त्यांनी उघडपणे केला. प्रकरण गांधीजी आणि ज्येष्ठ वकील डी. एन. बहादुरजी यांच्याकडं चौकशीला गेलं. निकाल नरिमन यांच्या विरोधात लागला. उलट १९३४ च्या केंद्रीय कायदेमंडळाच्या निवडणुकीत त्यांनी पक्षाच्या उमेदवाराचं काम मनापासून केलं नाही, असा ठपका त्यांच्यावर आला. काँग्रेसनं त्यांच्यासाठी जबाबदारीच्या पदांची दारं बंद केली.

मौलाना आझाद यांनी पुढं आपल्या आठवणींत नरिमन यांच्यावर अन्याय झाला असं मत नोंदवलं. पटेलांची बाजू घेणारे अभ्यासक चौकशीच्या निकालाकडं बोट दाखवतात. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण एक नक्की, सरकारशी भांडून जिंकलेला माणूस स्वतःच्या पक्षात हरला. नंतर ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉककडं गेले. १९४८ मध्ये, स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षभरानं, त्यांचं निधन झालं.

मग नाव कसं मिळालं?

स्वातंत्र्यानंतर चर्चगेट स्ट्रीटचा वीर नरिमन रोड झाला. पुढं राज्य सरकारनं बॅकबेचे सोडून दिलेले ब्लॉक ३ ते ६ पुन्हा हातात घेतले. भराव पडला, १९७० च्या दशकात एअर इंडिया, एक्सप्रेस टॉवर्स अशा इमारती उभ्या राहिल्या आणि त्या भागाला नाव मिळालं नरिमन पॉइंट.

या वेळीही प्रश्न विचारणारे होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल हे तिघं १९६० च्या दशकापासून सांगत होते की सगळी ऑफिसं बेटाच्या दक्षिण टोकाला नेऊ नका, खाडीपलीकडं नवं शहर करा. १९७० मध्ये सिडको निघाली, नवी मुंबई ठरली. पण त्याच वेळी नरिमन पॉइंटही भरत राहिला. घरं उत्तरेला, नोकऱ्या दक्षिणेला. विरार आणि कल्याणची लोकल सकाळी का फुटते, याचं एक कारण इथं आहे.

मग गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि सुमारे ६०० एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आला. १९९१ च्या नियमात तिची वाटणी ठरली. एक वाटा मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो बदल उचलून धरला. पण ज्या जमिनीवर लाखो लोकांची पोटं चालत होती, तिथं पुढं किती आणि कुणासाठी रोजगार राहायला हवा, हा हिशोब या सगळ्या भांडणात मागंच पडला. मॉल आले, टॉवर आले. लूमवर काम केलेल्या माणसाला त्यात कुठलं काम मिळणार होतं?

आता पुढच्या आराखड्यात लाखो रोजगारांचा आणि शेकडो हेक्टरांचा आकडा वाचलात, तर दोनच गोष्टी बघा. माणशी किती जागा धरली आहे आणि अंदाज चुकला तर भुर्दंड कुणावर येणार आहे. आराखड्यावर हरकती-सूचना द्यायला मुदत असते आणि ती कुणालाही देता येते. नरिमन यांना हेच विचारण्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं होतं. आपल्याला फक्त एक अर्ज लिहायचा आहे.